दुःखावर कार्यशाळा असते का? गोधडी, लिखाण, पतंग वगैरे (नाशिक)

सुईदोरा | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. विषय जरा जड आहे, जेवणं झाली असतील तर वाचा.

माझी आई जाऊन १६ महिने झाले. मध्यंतरी एका मैत्रिणीने परस्पर १,२०० रुपये भरून कॉलेज रोडच्या एका हॉलमध्ये अर्ध्या दिवसाच्या कार्यशाळेत माझं नाव घातलं. कलेतून दुःख हलकं करायचं, असा एकंदर बेत. आम्ही १५-२० जण. मागे बासरीची रेकॉर्ड, पुढ्यात रंग, डोळे मिटून कागदावर हात फिरवा. इथपर्यंत ठीक होतं. मग प्रत्येकाला एकेक गॅसचा फुगा दिला. मनातलं ओझं त्यावर लिहा आणि सोडून द्या म्हणे. मी 'आई' लिहिलं. ओझं म्हणून आपण आईचं नाव लिहिलंय, हे दोरा हातातून सुटल्यावर लक्षात आलं. फुगा गेला तो थेट छताला, तिथून पंख्यापाशी. पंखा बंद करावा लागला. सगळे माना वर करून बघतायत आणि बासरी चालूच. आई असती तर पदर तोंडाला लावून हसली असती. तिथे मात्र हसायची सोय नव्हती. मी गप्प बसलेली बघून कार्यशाळा घेणाऱ्या ताईंनी सांगितलं, "तुम्ही सध्या रागाच्या टप्प्यात आहात." तोवर नव्हते, मग झाले.

घरी येऊन आईचं कपाट उघडलं. २३ साड्या. बोहारणीला द्यायच्या म्हणून बाहेर काढल्या, तर शेजारच्या काकू (मूळच्या सिन्नरच्या) म्हणाल्या, "अगं, भांडं किती दिवस पुरणारे? गोधडी शिव." मला साधं बटण लावता येत नाही. काकूंनी गच्चीवर सतरंजी घातली, चार वाजता बसलो. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या, मग त्यांची नणंद. आता आम्ही ६ जणी आहोत. त्यातल्या एकीचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं, ११ वर्षांपूर्वी. ती शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहते आणि हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. तिने ते सुईत दोरा ओवता ओवता सांगितलं, मान वर न करता.

हे जरा मोठं करावं, महिन्यातून एकदा, कुणालाही येता येईल असं, हे डोक्यात आहे. इंदिरानगरातच. तीन शंका. पैसे घ्यावेत का? पुरुष येतील का? आणि कुणी फारच कोसळलं तर काय करायचं? ज्यांनी असं काही केलंय किंवा सोसलंय, त्यांनी लिहा.

कट्टेकरी | रविवार, रात्री १०:३१

बाकी सावकाश लिहितो, पण फुगा पंख्यापाशी... माफ करा, हसलो.

सुईदोरा | रविवार, रात्री १०:३३

हसा हो. तेच तर म्हणतेय.

कुंडावरचा | सोमवार, सकाळी ६:०५

ताई, राग मानू नका. मी पंचवटीत क्रियाकर्म चालवतो, वडिलांपासून. मला या कार्यशाळांची गरज कळत नाही. आपल्याकडे हे सगळं आखून दिलेलं आहे. अस्थी रामकुंडात, दहाव्याला पिंड, तेराव्याला गोड जेवण, मग मासिकं, वर्षश्राद्ध, पितृपक्ष. माणसाला वर्षभर हाताला काम दिलेलं आहे. तुम्ही सुई देता, आम्ही दर्भ देतो.

एक सांगतो, तुम्हाला उपयोगी पडेल. दहाव्याला पिंड ठेवले की सगळे लांब जाऊन उभे राहतात आणि कावळा शिवायची वाट बघतात. कधी दोन मिनिटं, कधी तासभर. कावळा येईना की लोक बोलू लागतात, मोठ्याने, गेलेल्याला उद्देशून. "अण्णा, विहिरीचं काम पुरं करतो." "आई, धाकटीला अंतर देणार नाही." एकमेकांचं तोंड न बघणारे दोन भाऊ मी तिथे शेजारी उभे राहून एकाच पिंडाला शब्द देताना पाहिलेत. घरात जे कुणी बोलत नाही, ते त्या तासाभरात बोललं जातं. त्यासाठी फी नाही (दक्षिणा आहे, तो वेगळा विषय).

द्राक्षवेल | सोमवार, दुपारी १:५०

गुरुजी, कावळ्याचं पटलं. माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्ही पाऊण तास उभे होतो. बाग विकणार नाही असं दिरांनी म्हटलं आणि कावळा आला. योगायोग म्हणा, काही म्हणा.

पण तेराव्याच्या दुसऱ्या दिवसाचं काय? आमच्याकडे निफाड भागात दारावर यायला माणूस तुटून पडतो, अंगणात चपला मावत नाहीत. गंधमुक्ती झाली की मंडप निघतो, पातेली परत जातात आणि घर एकदम मोठं वाटायला लागतं. माझे मिस्टर गेले तेव्हा मी ३४ ची. पहिल्या संक्रांतीला गल्लीतली सगळी हळदीकुंकवं माझ्या दारासमोरून गेली. कुणी वाईट नव्हतं हो. मला बोलावलं तर मला वाईट वाटेल, असं त्यांना वाटलं म्हणे. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूरकडच्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या या प्रथा बंद केल्या, मग सरकारनेही तसं परिपत्रक काढलं. आमच्या गल्लीत ते परिपत्रक अजून चालत येतंय.

म्हणून सुईदोरा ताई, माझ्या मते याची गरज तेराव्यानंतर लागते. आणि जिथे बांगड्या-टिकली बघून जागा ठरत नाही, अशा ठिकाणी बसायची. मी येईन, पण ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत ठेवू नका. तेव्हा मरायलासुद्धा सवड नसते. (हे असं तोंडातून जातंच, काय करणार.)

कट्टेकरी | सोमवार, दुपारी २:१५

एक शंका, खवचटपणा नाही. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत म्हणतात ना? आमच्या आजीने आजोबांचे धोतरजोडे सगळे नदीला दिले. आणि तुम्ही तर अंगावर घेऊन झोपणार.

कुंडावरचा | सोमवार, दुपारी ४:४०

नदीला देऊ नका. सकाळी घाटावर या आणि काय काय तरंगतं ते बघा. साड्या, गाद्या, चष्मे. कपडे दान करावेत, एवढंच. ते पाण्यातच सोडावेत असं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. गोधडीबद्दल काही लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही, त्यामुळे हो-नाही काहीच म्हणत नाही.

सुईदोरा | सोमवार, रात्री ९:२०

कट्टेकरी, हा प्रश्न माझ्या सासूबाईंनीही विचारला. मी म्हटलं, आईच्या साडीची झोळी करून मला निजवत होते, तेव्हा ती जिवंत होती एवढाच फरक. त्या काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांनीच आईची अबोली इरकल वेगळी काढून ठेवली, "ही मधोमध लाव" म्हणून.

ज्यांनी गोधडी होताना पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मला यातच सगळं सापडलं. पोटात घालायला सगळ्यात विरलेल्या साड्या घ्यायच्या, चांगल्या दिसणाऱ्या वर आणि खाली. पाचवारी दुमडून जमिनीवर पसरायची. एकीवर एक तीन-चार थर झाले की चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचं (आमच्याकडे दोन वरवंटे, एक कुकर आणि एक एरंडेलाचा डबा) आणि सुरकुती काढत काढत आधी कच्चा टाका घालून थर धरून घ्यायचे. मग कडेपासून धावदोरा सुरू. चारी बाजूंनी आत आत यायचं, चौकोनात चौकोन. एक फेरा पुरा व्हायला तासाच्या वर जातो. टाका चुकला तर उसवायचा नाही, असा काकूंचा नियम. "चुकलेला टाकाबी धरूनच ठेवतो," म्हणतात.

आता गंमत अशी, की सहा जणी चारी बाजूंना बसल्या की कुणाचं तोंड कुणाकडे नसतं. सगळ्यांची नजर कापडावर. रडू आलं तर नाक ओढायचं आणि पुढचा टाका घालायचा. कुणी "बोला ना, मोकळं व्हा" म्हणत नाही. बोलणं निघतं ते साडीवरून. ही कुणाच्या लग्नातली, हिच्यावर कढी कशी सांडली, ही तिला आवडायची नाही पण भावाने घेतली म्हणून नेसायची. मला आई गेल्यापासून सगळ्यांनी तिच्या आजारपणाबद्दल विचारलं होतं. कढीबद्दल कुणीच विचारलं नव्हतं.

अधूनमधून | मंगळवार, सकाळी ११:०८

मी नाशिकरोडला समुपदेशन करते. इथे क्वचित लिहिते, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

आधी ते दुःखाचे पाच 'टप्पे', राग हा त्यातला एक. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ मध्ये ते मांडले, तेव्हा त्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलत होत्या. स्वतःचं मरण समोर दिसणाऱ्या माणसाचे ते टप्पे. ते मागे राहिलेल्यांना नंतर चिकटवले गेले. पाच पायऱ्या चढलो की गच्ची लागते, असं दुःखाचं नसतं. कुणी तुम्हाला तिसऱ्या पायरीवर उभं केलं, तर नम्रपणे खाली उतरा.

मला जास्त पटतं ते स्ट्रोब आणि शुट या संशोधक जोडीचं १९९९ चं म्हणणं. माणूस दोन गोष्टींमध्ये ये-जा करत असतो. कधी गेलेल्याकडे तोंड, कधी जगण्याकडे, आणि ही ये-जा हाच सावरण्याचा मार्ग. तुमच्या गच्चीवर नेमकं तेच चाललंय. एक टाका आईचा, एक टाका कांद्याच्या भावाचा. नातं तोडूनच पुढे जाता येतं हा समजही अभ्यासकांनी निदान १९९६ पासून बाजूला ठेवलाय. नातं राहतं, त्याचं रूप बदलतं.

आता थोडं थंड पाणी. लिहून मन हलकं होतं म्हणतात, त्यामागे मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनीबेकर यांचा १९८६ चा प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, मनातलं सगळ्यात जड ते लिहायला लावलं. लिहिल्या लिहिल्या त्यांना जास्तच वाईट वाटलं. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या चकरा कमी झाल्या. पण जवळचं माणूस गेलेल्यांवर हाच उपाय पुढे तपासला, तेव्हा म्हणावा तसा फरक दिसला नाही. आणि सरसकट प्रत्येक दुःखी माणसाला समुपदेशन द्यावं, त्याने सगळ्यांचं भलं होतं, याला आधार कमी आहे. हे मी माझ्याच धंद्याविरुद्ध लिहितेय. बहुतेक माणसं वेळ, घर आणि शेजार यांच्या जोरावर सावरतात. शेजारच उरला नसेल तर तो उभा करणं, हे तुमचं काम. उपचार करणं हे तुमचं काम नाही.

तिसऱ्या शंकेचं उत्तर. कोसळणं म्हणजे रडणं नव्हे, रडू द्या, पाणी द्या, पाठीवर हात ठेवण्याआधी विचारा. पण सहा महिने उलटून गेले तरी रोजचं जगणं ठप्प आहे, गेलेल्याची ओढ दिवसभर सुटतच नाही, असं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत (आयसीडी-११) त्याला दीर्घकालीन शोकविकार म्हटलंय आणि त्यावर नेमके उपचार आहेत. तिथे सुई-दोरा पुरणार नाही. आणि "मलाही जायचंय त्यांच्याकडे" असं कुणी म्हटलं, तर ते बोलण्याची पद्धत म्हणून सोडून देऊ नका. त्या व्यक्तीला एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा. टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तो गच्चीच्या दारावर लिहून ठेवा.

पैसे? घेऊ नका. चहाचे वर्गणीने.

गोदाकाठची | मंगळवार, दुपारी ३:३०

'बोलतं करणं' हा शब्द हल्ली फार ऐकते. आमच्या गावी बाई माहेरच्या मौतीला आली की वेशीपासून हेल काढायची. लहानपणी मला भीती वाटायची, नंतर शब्द ऐकू यायला लागले. माझ्या मावशीने आजीसाठी काढलेला हेल म्हणजे आजीचं अख्खं चरित्र होतं. कुठल्या दुष्काळात काय खाऊन दिवस काढले, कुणी तिला त्रास दिला (तो माणूस समोरच बसलेला होता!), मावशीच्या बाळंतपणात ती किती कोस चालत आली. सगळं तालात, आणि बाकीच्या बाया मध्ये सूर धरणाऱ्या. आता फ्लॅटमध्ये कुणी असं रडलं तर सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार येईल.

जात्यावरच्या ओव्यांतही हेच सापडतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी गावोगाव फिरून बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या आता 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकता येतात. आई गेल्यावर माहेर कसं परकं होतं, याच्या किती तरी आहेत. सुईदोरा, शिवताना एखाद दिवशी लावून बघा. नाहीतर राहू दे, शांतताच बरी.

टोरांटोकर | मंगळवार, रात्री ११:५५

मूळचा सातपूरचा. गोधडीवरून आठवलं. अमेरिकेत एड्सची साथ असताना माणसं जात होती आणि घरचे उघडपणे रडूही शकत नव्हते. १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लीव्ह जोन्स यांनी लोकांना गेलेल्याच्या नावाचा तुकडा शिवायला सांगितला, ३ फूट बाय ६ फूट, म्हणजे साधारण कबरीएवढा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनच्या मैदानावर १,९२० तुकडे जोडून पसरले. तुकड्यांवर जीन्स, टोप्या, टेडी बेअर, काय वाट्टेल ते. त्यांनी सरकारला दाखवायला शिवली, आपल्याकडे पांघरायला शिवतात.

आसारी | बुधवार, सकाळी ७:४०

पुरुष येतील का, या प्रश्नाला उत्तर देतो. सुईला येणार नाहीत. मी तरी आलो नसतो.

मी येवल्याचा, नोकरीमुळे ३० वर्षं नाशकात. धाकटा भाऊ गेला दोन वर्षांपूर्वी, हार्ट अटॅक, वय ४९. येवल्यात संक्रांत म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळणार नाही. भोगीपासून तीन दिवस गाव गच्चीवर, हलकडी (वाद्य) कडाडत असते, दुकानं बंद. आम्ही दोघं, तो पतंग उडवणार आणि मी मागे आसारी (मांज्याची फिरकी) धरून. ४० वर्षं हीच वाटणी. तो गेल्यावर पहिल्या संक्रांतीला मी गावी गेलोच नाही. आसारी कोणासाठी धरायची?

गेल्या डिसेंबरात पुतण्या आला, १३ वर्षांचा. म्हणाला, काका, पप्पा पतंग बनवायचे ते मला येत नाही. मलाही येत नव्हतं हो, मी आसारीवाला. तरी बसलो. बांबूच्या कामट्या आणल्या. मधली कामटी सरळ ठेवायची, आडवी कमानीसारखी वाकवायची. वाकवण्याआधी ती बोटावर तोलून बघायची असते, दोन्हीकडे सारखी झुकली पाहिजे, नाहीतर पतंग एका अंगाला कलंडतो. माझा भाऊ ती तोलताना जीभ बाहेर काढायचा. पोराने कामटी बोटावर ठेवली आणि जीभ बाहेर काढली. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मी खळ ढवळायच्या निमित्ताने आत गेलो आणि बराच वेळ ढवळत बसलो.

आमचे पहिले सात पतंग उडाले नाहीत. आठवा गेला. त्यानंतर सोसायटीतले दोन जण येऊन बसायला लागले, एकाची बायको गेलेली, एकाचा मुलगा. आम्ही दुःख वगैरे काही बोलत नाही. कामट्या तासतो. एकदा ज्याचा मुलगा गेलाय तो म्हणाला, "याला असलं काही जमलं नसतं, आळशी होता," आणि आम्ही तिघंही हसलो. बस, एवढंच. याला कार्यशाळा म्हणायचं तर म्हणा.

कट्टेकरी | बुधवार, सकाळी ९:१०

दादा. काय लिहिलंय.

कुंडावरचा | बुधवार, सकाळी १०:२५

मला अजूनही विधी पुरेसे वाटतात. पण द्राक्षवेल ताईंचं तेराव्यानंतरचं म्हणणं दोन दिवस डोक्यात आहे. आमचं काम तेराव्याला संपतं, पुढे वर्षश्राद्धापर्यंत ते घर आमच्या डोळ्यांपुढे नसतं. मी काही येणार नाही, मला ते जमणार नाही. घरात दोन मोठ्या सतरंज्या पडून आहेत. हव्या तर घेऊन जा. सकाळी नऊपर्यंत मी घाटावर असतो, त्यानंतर कधीही.

सुईदोरा | बुधवार, रात्री ८:४५

सतरंज्या हव्यात. गुरुजी, आभार.

मग ठरवते आता. दर महिन्याचा दुसरा रविवार, दुपारी ४ ते ६. छाटणीचा महिना सोडून. (द्राक्षवेल, बास की दुसरीकडे हलवू? कळवा.) फी नाही, चहा वर्गणीत. गच्चीच्या एका टोकाला गोधडी, दुसऱ्या टोकाला कामट्या. आसारी दादा, तुम्ही त्या दोघांना घेऊन या, सुई कुणी हातात देणार नाही. अधूनमधून ताई महिन्याआड येऊन बसायला तयार आहेत, पण 'समुपदेशक' म्हणून ओळख करून द्यायची नाही ही त्यांची अट. १४४१६ दारावर लिहिलाय, खडूने, पावसाळ्यात पुन्हा लिहावा लागेल.

येताना गेलेल्या माणसाचं एक कापड आणा. नसेल तर नुसते या. कुणी कोण गेलं हे विचारणार नाही. कापडाबद्दल मात्र विचारू, त्याला इलाज नाही.

आणि फुगे नाहीत.

द्राक्षवेल | बुधवार, रात्री ९:०२

हलवू नका, तो महिना मी चुकवीन. बाकी सगळे धरा. द्राक्षं फेब्रुवारीत आणते.

वाचनमात्र | गुरुवार, रात्री १:१७

दोन वर्षं रोमात (नुसती वाचत) आहे, पहिल्यांदाच लिहितेय. शाळेचा गणवेश चालेल का? शर्ट टेरीकॉटचा आहे. आठवीचा. सुई जाते का त्यातून?

सुईदोरा | गुरुवार, सकाळी ६:३०

जाते. जरा जाड सुई आणून ठेवते. खिसा उसवायचा की तसाच ठेवायचा, ते तुम्ही आल्यावर बघू.